बिघाड शोधताना

बिघडलेल्या वस्तूंच्या बाबतीत माणसांचे दोन वर्ग पडतात. एका वर्गाला वस्तू बंद पडली की ती मेली असं वाटतं. दुसऱ्या वर्गाला ती आजारी आहे असं वाटतं. पहिल्या वर्गातली माणसं भंगारवाल्याला हाक मारतात, दुसऱ्या वर्गातली पेचकस शोधतात. खरं म्हणजे आमचा नगर जिल्हा मुळात दुसऱ्या वर्गातला. उसाच्या पट्ट्यातल्या कुठल्याही बाजाराच्या गावी जा, मोटार रिवाइंडिंगचं दुकान हमखास सापडेल. विहिरीवरची जळलेली मोटार कोणी फेकून देत नाही. तारेचं वेटोळं उलगडून ती पुन्हा भरली जाते आणि चार दिवसांनी पाणी उपसायला लागते. पण आमची पिढी या परंपरेला दुरावली. ‘दुरुस्तीला टाकण्यापेक्षा नवीन घेतलेलं परवडतं’ हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मीही त्यातलीच. त्यातून कलाशाखेची, मराठी विषय घेतलेली. विजेच्या बोर्डाला बटण दाबण्यापलीकडे कधी हात लावलेला नाही. अशा मुलीने एक उन्हाळा आणि एक पावसाळा एका जुनाट संगणकाच्या पोटात डोकं घालून काढावा, हे माझ्या मैत्रिणींना अजून खरं वाटत नाही.

हा संगणक माझ्या मामांचा. मामा नेवासे तालुक्यातल्या एका हायस्कुलात गणित शिकवत. १९८७ साली त्यांनी प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून तो घेतला. किती रुपयांना, हा आकडा मामी आजही तोंडातून काढत नाही. तो काळ संगणकाच्या नवलाईचा होता. १९८४ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या सुमारे २५० शाळांत संगणक-शिक्षणाची एक योजना सुरू केली होती आणि तिच्यासाठी इंग्लंडमधल्या बीबीसी मायक्रो जातीचे संगणक आणले होते. मामांच्या शाळेच्या वाट्याला त्यातला एकही येणं शक्य नव्हतं. तेव्हा त्यांनी स्वतःच्या खिशाला चाट लावली.

त्यांनी घेतलेलं यंत्र पुण्याचं. इंग्लंडच्या क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी एप्रिल १९८२ मध्ये ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ नावाचा एक छोटा, स्वस्त संगणक बाजारात आणला. १९८४ मध्ये त्याला जरा बऱ्या कळा बसवून ‘स्पेक्ट्रम प्लस’ काढला. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवाना घेऊन तोच १९८६ पासून ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने आपल्याकडे विकला. एखाद्या जाड वहीएवढं काळं यंत्र. पडदा नाही, घरचा टीव्ही हाच पडदा. साठवण नाही, घरचा टेपरेकॉर्डर हीच साठवण. स्मृती अवघी ४८ किलोबाइट. आज मोबाइलवर येणाऱ्या ‘शुभ सकाळ’च्या एका चित्रालासुद्धा ती पुरणार नाही.

मामा गेले त्याला बरीच वर्षं झाली. मामी आता मुलाकडे पुण्याला कायमची राहायला निघाली होती आणि गावचं घर दिवाळीनंतर रिकामं करायचं होतं. आवराआवरीला मी गेले होते. माळ्यावरून एका खोक्यात हे यंत्र निघालं आणि त्याच्यासोबत बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात चार कॅसेटी. त्यातल्या एकीवर मामांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : ‘पाढे’.

मामेभाऊ संगणक क्षेत्रातला. तो म्हणाला, “अगं, स्पेक्ट्रमची हुबेहूब नक्कल करणारे प्रोग्रॅम आता फुकट मिळतात. कॅसेट त्यात उतरवून घेऊ. हा डबा देऊन टाक.” त्याचं म्हणणं बिनचूक होतं. मामी काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “मला काय कळतंय त्यातलं! पण ते बसायचे ते ह्याच्यापुढं. तू बघ काही होतंय का. दिवाळीपर्यंत मी काही कोणाला देत नाही.”

मला मुदत मिळाली ती अशी. ज्ञान शून्य, हत्यारं शून्य आणि दिवाळी पाच महिन्यांवर.

नगरमध्ये आमच्या घराजवळ रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे एक काका आहेत. सत्तरीच्या पुढचे. दुकान जवळजवळ बंदच. सवय म्हणून सकाळी फळी उघडतात. त्यांच्यापुढे यंत्र ठेवलं तेव्हा त्यांनी ते चालू करायचं नावसुद्धा काढलं नाही. चष्मा कपाळावर सरकवला, खोक्यातला अडॅप्टर हातात घेतला आणि त्याच्या टोकाकडे बघत बसले. मग म्हणाले, “बेटा, हा ह्याच्याबरोबरचा नाही. बाजारातला आहे.”

पहिला धडा हा. स्पेक्ट्रमला नऊ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि त्याच्या पिनेत आतला भाग ऋण, बाहेरचा धन असतो. बाजारातल्या बहुतेक अडॅप्टरांत नेमकं उलट. पिन मात्र सहज बसते. मूळ अडॅप्टर हरवल्यावर केव्हातरी कोणीतरी हा लावून पाहिला असावा. आत उलटी वीज गेली आणि यंत्र गप्प झालं. कोणी लावला, हे आता कळायला मार्ग नव्हता आणि कळून उपयोगही नव्हता. पण बिघाड शोधताना यंत्राचा पूर्वेतिहास आधी विचारावा लागतो, हे मला त्या पिनेने शिकवलं. डॉक्टर जसे नाडी धरण्याआधी ‘काल काय खाल्लं होतं?’ असं विचारतात, तसंच हे.

काकांनी मला एक जुना मल्टिमीटर दिला, सोल्डरिंग कसं करायचं ते टाकाऊ रेडिओच्या बोर्डावर पंधरा दिवस गिरवून घेतलं आणि एक नियम सांगितला : “आधी टाकीत पाणी आहे का बघ, मग नळाला हात लाव.” म्हणजे आधी वीजपुरवठा, मग बाकी सगळं.

स्पेक्ट्रमच्या पोटात एक हिरवा बोर्ड असतो. त्यावर झेड-८० नावाचा प्रोसेसर; हा १९७६ मध्ये निघाला आणि झायलॉग कंपनीने तो थेट २०२४ पर्यंत बनवत ठेवला. त्याच्या शेजारी ‘यूएलए’ नावाची एक मोठी आयसी. पडदा, आवाज, कळा, कॅसेट या सगळ्यांचा कारभार तिच्याकडे. ती इंग्लंडच्या फेरँटी कंपनीत बनत असे आणि ती कंपनीच १९९३ मध्ये बुडाली. मला भीती होती ती हिची. बाकीचं काही जळलं तर मिळेल, ही गेली तर तिची मूळ जोड मिळणं कठीण. म्हणून मीटरची टोकं तिच्या आसपास नेतानासुद्धा मी श्वास रोखून धरत असे.

आत येणाऱ्या नऊ व्होल्टचे आधी पाच व्होल्ट होतात. पण खालच्या स्मृतीच्या आयसी जुन्या धाटणीच्या. त्यांना एकट्या पाचावर भागत नाही. बारा हवेत, पाच हवेत आणि उणे पाचही हवेत. हे बारा आणि उणे पाच बोर्डावरच तयार होतात. एक ट्रान्झिस्टर एका छोट्या कॉइलमधून वीज वेगाने सोडतो आणि तोडतो आणि त्या झटक्यांतून हे व्होल्टेज जन्माला येतात. योग्य पुरवठा जोडून मी मीटर धरला. पाचाच्या जागी पाच बरोबर आले. बाराच्या जागी नऊच्या आसपास. उणे पाचाच्या जागी जवळजवळ शून्य. म्हणजे झटके देणारा ट्रान्झिस्टर झोपला होता. स्पेक्ट्रम दुरुस्त करणाऱ्यांना हे दुखणं चांगलं परिचयाचं आहे. दीडदमडीचा तो तुकडा टपालाने मागवला, बसवला. जोडीला म्हातारे झालेले कंडेन्सर बदलले. बारा आले, उणे पाच आले. मला वाटलं, जिंकलं!

टीव्ही लावला. पडद्यावर उभ्या पट्ट्या आणि चौकोनांचा कचरा.

इथे माझा धीर खचला हे कबूल केलं पाहिजे. एक बिघाड काढला की त्याच्या मागे दुसरा उभा. काकांना मात्र यात नवल वाटलं नाही. उणे पाच व्होल्ट नाहीसे झाले आणि बारा चालू राहिले, तर त्या जुन्या आयसी स्वतःच जळतात. म्हणजे पहिल्या बिघाडाने मरताना शेजाऱ्यालाही नेलं होतं. प्रश्न एवढाच होता की आठांपैकी कोणाला नेलं.

ही आठांची गोष्ट मला फार आवडते म्हणून जरा विस्ताराने सांगते. संगणक प्रत्येक अक्षर आठ खुणांनी लिहितो. प्रत्येक खूण शून्य किंवा एक. खालच्या स्मृतीत आठ आयसी ओळीने बसवलेल्या असतात. आता एक आयसी म्हणजे स्मृतीचा एक आठवा भाग, असं आपल्याला वाटेल. तसं नसतं. पहिली आयसी प्रत्येक अक्षराची पहिली खूण ठेवते, दुसरी प्रत्येक अक्षराची दुसरी, अशी वाटणी. म्हणून एक आयसी गेली तर स्मृतीचा एक कोपरा जात नाही, प्रत्येक अक्षरातली एक खूण जाते. जुन्या छापखान्यात खिळ्यांच्या केसमधून एखादी वेलांटी नाहीशी झाली, तर पुस्तकाचं एखादं पान बिघडत नाही. सगळ्या पुस्तकभर ती वेलांटी नाहीशी होते. तसंच हे. रोमन ‘ए’चा क्रमांक ६५. समजा ‘चार’ किमतीची खूण ठेवणारी आयसी बिघडून कायमची ‘एक’ म्हणू लागली. ६५चे ६९ होतील आणि ‘ए’ लिहिला तर ‘ई’ वाचला जाईल. ‘डी’चा क्रमांक ६८, त्यात ‘चार’ आधीपासूनच आहे, म्हणून ‘डी’ मात्र सुखरूप राहील. चुकांना असं वळण असतं आणि वळण ओळखलं की चोर सापडतो.

हे वाचताना मला आमचा पाठचिकित्सेचा तास आठवला आणि तो पहिल्यांदा नीट कळला. मामांचं नेवासं हे ज्ञानेश्वरीचं गाव. शके १२१२ मध्ये तिथे ती सांगितली गेली. पुढच्या तीनशे वर्षांत नकला होत गेल्या. एका लेखकाची चूक दुसऱ्याने उचलली, तिसऱ्याने तीत आपली भर घातली. शके १५०६ मध्ये एकनाथांनी प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि यात कोणी आपली ओवी घालू नये, अशी ताकीदही देऊन ठेवली. त्यांच्यापुढचा प्रश्न माझ्यापुढच्या प्रश्नासारखाच होता : समोर दिसणारी चूक कुठे जन्मली? जिथे दिसते तिथे ती जन्मलेली असेलच असं नाही. ती पाच पिढ्यांमागच्या एका नकलेत असू शकते, जशी माझ्या पडद्यावरची पट्टी पडद्यात नव्हती, टीव्हीत नव्हती, बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला होती. आणि एकनाथांची ताकीदही इथे लागू पडते. मामेभाऊ म्हणत होता, “सगळ्याच आठ बदलून टाक.” काका म्हणाले, “चांगल्या आयसीला कशाला उपटायचं? नवीन आठ बसवताना आठ नवे बिघाड बसवशील.” दुरुस्ती म्हणजे मूळ जेवढं राखता येईल तेवढं राखणं. जिथे खात्री झाली, तिथेच हात घालायचा.

खात्री बोटाने झाली. यंत्र दोन मिनिटं चालू ठेवलं, बंद केलं आणि ओळीने आठही आयसींवर बोट ठेवत गेले. सात कोमट, तिसरी चटका देणारी. ती काढायची रीत काकांनी दाखवली. आख्खी ओढून काढायला गेलं तर बोर्डावरचे तांब्याचे केसासारखे रस्ते उचलून येतात. म्हणून आधी मेलेल्या आयसीचे सोळाही पाय कापायचे, मग एकेक पाय गरम करून स्वतंत्र उपसायचा, भोकं साफ करायची आणि तिथे सॉकेट बसवायचं. पुढे कधी ती आयसी पुन्हा गेली तर बोर्ड तापवावा लागू नये. मेलेल्याचे पाय कापा, बोर्डाचा जीव वाचवा! त्या दिवशी माझे हात थरथरत होते. पण एकही रस्ता उचलला गेला नाही.

पडदा पांढरा झाला आणि खाली इंग्रजीत एक ओळ उमटली : ‘१९८२ सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड’. काकांनी चहा मागवला.

तरी काम संपलं नव्हतं. हे यंत्र चालू होताना स्वतःची स्मृती स्वतःच मोजतं आणि जिथे पहिला बिघाड लागेल, तिथे आपली हद्द संपली असं मानून चालतं. ही हद्द त्याला विचारता येते. उत्तर ६५५३५ यायला हवं होतं, आलं ३२७६७. म्हणजे वरची बत्तीस किलोबाइट त्याला दिसतच नव्हती. ते सोळा किलोबाइटांत सुखाने संसार करत होतं. बाहेरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. असे बिघाड मला सगळ्यांत भीतिदायक वाटतात; वस्तू चालते आणि तिला स्वतःलाच ठाऊक नसतं की ती अर्धी आहे.

या वरच्या स्मृतीची एक गंमत आहे. सिंक्लेअर यांनी स्वस्ताईसाठी चौसष्ट किलोबिटच्या अशा आयसी वापरल्या होत्या की ज्यांचा एक अर्धा भाग कारखान्यातच सदोष ठरलेला असे. उरलेला अर्धा चांगला, तेवढाच जोडायचा. नापास झालेल्या आयसींना त्यांनी अर्ध्या गुणांवर नोकरी दिली आणि त्यांनी ती चाळीस वर्षं इमानाने केली. एटीकेटीवर वरच्या वर्गात गेलेल्या माझ्या मित्रमंडळींना ही हकीगत मी आवर्जून ऐकवते.

मला वाटलं, त्यातली एखादी आता उरल्यासुरल्या अर्ध्यातही गेली. पण एकही गरम होत नव्हती. भिंग घेऊन बोर्डाची उलटी बाजू पाहायला लागले. तिसऱ्या संध्याकाळी एका पायाभोवती केसाएवढी गोल चीर दिसली : ड्राय सोल्डर. वरून जोडलेलं, आतून सुटलेलं. इस्त्रीचं टोक लावलं, थेंबभर सोल्डर दिलं. पुन्हा हद्द विचारली. ६५५३५. पाच आकडे पाहून डोळ्यांत पाणी येऊ शकतं, हे गणिताच्या भीतीने कलाशाखेत आलेल्या मुलीला तोवर ठाऊक नव्हतं.

कळांखालचा प्लॅस्टिकचा पडदा वाळून तडकला होता. जगात या यंत्राची माया असलेली माणसं असे पडदे अजून बनवतात, तो मागवला. दिवाळीला बारा दिवस होते.

यंत्र, जुना टेपरेकॉर्डर आणि टीव्ही घेऊन मी मामीकडे गेले. ‘पाढे’ची कॅसेट लावली. ती कर्कश शिट्टी सुरू झाली, पडद्याच्या काठावर निळे-पिवळे पट्टे धावले आणि मध्येच थांबून यंत्राने इंग्रजीत सांगितलं की टेप वाचता येत नाही. दुसऱ्यांदा तेच. टेपरेकॉर्डरच्या हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. हेडचा कोन त्याने बदलतो. काकांनी सांगितलं होतं तसं, आवाज जास्तीत जास्त टोकदार होईपर्यंत तो पाव पाव फेरा फिरवत गेले. तिसऱ्यांदा शिट्टी शेवटपर्यंत गेली.

पडद्यावर आलं : २३ × १॥ = ?

देवनागरी आकडे! स्पेक्ट्रमला देवनागरी येत नाही. पण वापरणाऱ्याला स्वतःची एकवीस चिन्हं आठ बाय आठच्या चौकटीत काढून देता येतात. मामांची आलेखाची वही डब्याच्या तळाशी होती. तीत चौकटी रंगवून एकेक चिन्ह बसवलेलं. दहा आकडे. पाव, अर्धा, पाऊण यांच्या आपल्या जुन्या हिशेबातल्या उभ्या रेघा तीन. झाली तेरा. आणखी चार चिन्हांत ‘शाबास’ आणि दोन चिन्हांत, पहिल्या शब्दातला काना उसना घेऊन, ‘पुन्हा’. ‘चूक’ हा शब्द त्यांनी बनवलाच नव्हता. दोन चौकटी रिकाम्या असूनही बनवला नव्हता.

मी कागद शोधत होते. मामीची शाळा चौथीत सुटली; पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी सगळी तोंडपाठ. ती ओट्याजवळून म्हणाली, “साडेचौतीस.” मी ३४॥ दाबलं. ‘शाबास’ आलं. मग ती पदराला हात पुसत पुढे आली आणि पुढचा तासभर मी नुसत्या कळा दाबत होते. एकदाच तिचं उत्तर चुकलं आणि ‘पुन्हा’ आलं. “हेच म्हणायचे,” ती म्हणाली, “पोरांनासुद्धा.”

आता ते यंत्र पुण्याला मामीपाशी आहे आणि नातवंडांना ते औटकीत अडकवतं. कॅसेटची नक्कल मामेभावाने करून ठेवली आहे. तेही हवंच, कारण टेप काही अमर नाही. मी पुन्हा माझ्या पाठभेदांकडे वळले आहे. फरक इतकाच पडला की आता एखादी ओळ लागत नाही तेव्हा मी कवीला दोष देत नाही. आधी पुरवठा तपासते. शब्दकोश पाहिला का, संदर्भ पाहिला का, छपाई पाहिली का, असं एकेक. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि केलेलं वहीत लिहून ठेवायचं.

वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर असा एखादा डबा असेल, तर एक विनंती आहे. ‘चालतो का बघू’ म्हणून हाताला लागेल तो अडॅप्टर त्याला लावू नका. आधी पिनेत धन कुठे आणि ऋण कुठे ते बघा. मीटर नसेल तर माझ्याकडे आहे.